परदेशातल्या जुन्या बागा बघायच्या, तर अशा

फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याची बाग पाहुण्यांना कशी दाखवावी, याच्या लेखी सूचना राजा चौदाव्या लुईने स्वतः तयार केल्या होत्या. १६८९ ते १७०५ या काळात त्याने त्यात पुन्हा पुन्हा फेरफार केले. मजकूर अगदी कोरडा आहे: राजवाड्यातून बाहेर पडा, गच्चीवर या, पायऱ्यांच्या माथ्यावर थांबा, तिथून खाली बघा, मग डावीकडे वळा. फुलांचं कौतुक जवळपास नाहीच. बाग कुठून बघायची हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, एवढं मात्र त्या राजाला पक्कं ठाऊक होतं.

सहलीच्या कार्यक्रमात बागेच्या वाट्याला सहसा दोन मोठ्या ठिकाणांमधला पाऊण तास येतो. भर दुपारी, गर्दीच्या रेट्यात एक फेरी होते, फोटो निघतात आणि बाहेर आल्यावर ‘छान होती, हिरवीगार होती’ यापलीकडे काही सांगता येत नाही. महिना चुकला, वेळ चुकली आणि उभं राहायची जागा चुकली, की नावाजलेली बागही तेवढीच दिसते. या तिन्ही गोष्टी निघण्याआधी बऱ्याच अंशी जुळवता येतात. कशा, ते क्रमाने सांगते.

आधी यादी छाटा

एका सहलीत दोन बागा, फार तर तीन. जपानमधल्या क्योतोसारख्या शहरात देवळादेवळांत बागा आहेत आणि सगळ्या बघाव्याशा वाटतात, पण एका दिवसात चार बघितल्या की संध्याकाळी कुठला दगड कुठल्या देवळातला हेही आठवत नाही.

निवडताना माझा सल्ला असा: एक गाजलेली बाग घ्या आणि तिच्याच परंपरेतली एक लहान. चीनमधल्या सूचौच्या नऊ बागा युनेस्कोच्या यादीत आहेत. काही १९९७ मध्ये आल्या, उरलेल्या २००० मध्ये. त्यांतली झुओझेंग युआन सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, सर्वांत मोठी आणि अर्थातच सर्वांत गजबजलेली. वांगशी युआन तिच्या मानाने चिमुकली, पण तिथलं तळं आणि भोवतीचे मंडप इतक्या नेमक्या मापात बसवलेत, की जागा लहान आहे हे कितीतरी वेळ लक्षातच येत नाही. मोठी बाग आधी आणि लहान नंतर बघितली, तर लहान बागेतली कारागिरी जास्त कळते. याच वांगशी युआनमधल्या एका अंगणावरून बेतलेलं अंगण सूचौच्या कारागिरांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभारलं; ते १९८१ मध्ये खुलं झालं. चीनला जाणं जमणार नसेल, तर ते अंगण चुकवू नका. एरवी एका देशात दुसऱ्याच देशाच्या शैलीत केलेल्या बागांना मी यादीत जागा देत नाही.

इंग्लंडमध्ये लहान बागेचा प्रश्न फार छान सुटतो. तिथे नॅशनल गार्डन स्कीम नावाची योजना १९२७ पासून चालू आहे. एरवी बंद असणाऱ्या खाजगी घरांच्या बागा वर्षातले काही दिवस लोकांसाठी उघडतात, प्रवेशाचे पैसे धर्मादाय कामाला जातात, आणि बाग जिने वाढवली ती मालकीण बहुधा समोरच उभी असते. सिसिंगहर्स्टसारख्या प्रसिद्ध बागेत जे विचारायला कुणी भेटत नाही, ते इथे विचारता येतं. योजनेच्या संकेतस्थळावर गाव आणि तारीख टाकली की जवळपासच्या उघड्या बागा दिसतात.

महिना ठरवताना

तारखा तुमच्या हातात असतील तर बागेप्रमाणे तारखा ठरवा. बहुतेकांच्या त्या हातात नसतात. मग तारखांप्रमाणे बाग ठरवा.

फुलांवर उभ्या असलेल्या बागा ऋतू चुकला की काहीच देत नाहीत. इंग्लंडमधली गुलाबांची बाग जूनमध्ये बघावी. हिवाळ्यात अशा अनेक बागांचं फाटकच बंद असतं. स्पेनमधल्या कोर्दोबात घरांची अंगणं फुलांनी सजवून लोकांसाठी उघडतात, ती मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. सूचौची कमळं ऐन उन्हाळ्यात.

याउलट दगड, पाणी, भिंती आणि सदाहरित झाडं यांवर रचलेल्या बागांना महिन्याशी फारसं देणंघेणं नसतं. क्योतोतल्या र्योआनजी देवळाची दगडांची बाग, सूचौच्या बागा, इटलीतल्या चढउतारावरच्या बागा भर हिवाळ्यातही आपला आकार दाखवतात. उलट पानगळीनंतर बागेचा सांगाडा जास्त स्पष्ट होतो. जपानमध्ये तर हिवाळ्याचीही शोभा केलेली असते. कानाझावाच्या केनरोकुएन बागेत बर्फाच्या वजनाने फांद्या मोडू नयेत म्हणून १ नोव्हेंबरपासून झाडांना दोऱ्या बांधायला घेतात. झाडाशेजारी उंच खांब उभा करतात आणि त्याच्या टोकापासून फांदीफांदीपर्यंत दोर ताणतात. बर्फ पडलेला नसला तरी त्या शंकूंकडे बघत राहावंसं वाटतं.

क्योतोत चेरीच्या बहराचा मार्चअखेर ते एप्रिलचा आरंभ आणि लाल पानांचा नोव्हेंबरचा उत्तरार्ध हे दोन्ही काळ मी बागांसाठी टाळायला सांगेन. झाडं सुंदर असतात, पण बागेत शांत बसायला जागा मिळत नाही. शेवाळाच्या बागांसाठी जूनमधला पाऊस सर्वांत चांगला. हॉटेलही त्यामानाने सहज मिळतं.

परवानगी आणि तिकीट: इथेच बहुतेकांची गाडी अडते

जुन्या बागांपैकी सर्वांत चांगल्या काही बागांत तिकीटखिडकीवर जाऊन प्रवेश मिळेलच असं नाही. तीन महिने आधी बसून प्रत्येक बागेच्या अधिकृत संकेतस्थळावर चार गोष्टी तपासा: आगाऊ अर्ज लागतो का, वेळ ठरलेली असते का, साप्ताहिक सुट्टी कोणती, आणि मुलांना वयाची अट आहे का. दुय्यम विक्रेत्यांकडे जायची वेळ आलीच, तर ती अधिकृत तिकिटं संपल्यावर.

क्योतोतला कात्सुरा प्रासाद जपानच्या शाही घराण्याच्या कारभार खात्याकडे आहे. तिथे आगाऊ अर्ज करावा लागतो. काही जागा त्याच दिवशी येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. फेरी साधारण तासाभराची आणि गटानेच करायची असते. पुढे माहिती सांगणारा, मागे एक कर्मचारी. रेंगाळणाऱ्याला तो नम्रपणे पुढे काढतो. सोमवारी बंद. ओळखीसाठी पासपोर्ट लागतो.

साइहोजी हे क्योतोतलंच शेवाळाचं देऊळ. गर्दीने शेवाळाची नासधूस होऊ लागली म्हणून १९७७ पासून तिथे आगाऊ अर्ज केलेल्यांनाच सोडतात. पूर्वी यासाठी टपालाने जोडकार्ड पाठवावं लागे, आता ऑनलाइनही जमतं. गेल्यावर लगेच बागेत जाता येत नाही. आधी दालनात बसून बौद्ध सूत्राची अक्षरं ब्रशने गिरवायची, मग बाग. अनेकांना हा सोपस्कार वाटतो. मला तो बागेचाच भाग वाटतो, कारण अक्षरं गिरवून उठेपर्यंत बोलणं थांबलेलं असतं आणि पावलंही मंदावलेली असतात. मात्र लहान मुलांना प्रवेश नाही. कुटुंबाने जाणार असाल तर वयाची अट आधी बघा.

सोलमधल्या चांगदोकगुंग राजवाड्याच्या मागची बाग मार्गदर्शकासह, ठरलेल्या वेळी आणि ठरावीक संख्येनेच बघता येते. तिचं तिकीट राजवाड्याच्या तिकिटाहून वेगळं असतं. राजवाड्याचं तिकीट काढून आत गेलेले पर्यटक बागेच्या दारात उभे राहून हळहळताना दिसतात.

स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्राचं, म्हणजे तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या गढीचं, प्रकरण नेमकं उलटं. तिथे ‘बागा, हेनेरालिफे (सुलतानांचा बागेतला उन्हाळी वाडा) आणि किल्ला’ असं एक तिकीट मिळतं, त्यात नासरीद घराण्याचे मुख्य राजवाडे नसतात. स्वस्त दिसतं म्हणून ते घेतलं की राजवाड्यांमधली जलाशयांची अंगणं, म्हणजे बागेचा अर्धा विषय, हुकतो. सर्वसमावेशक तिकीट घ्या. त्यावर राजवाड्यात शिरायची वेळ छापलेली असते आणि ती चुकली तर आत घेत नाहीत. तिकीट नावावर असतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. हेनेरालिफे आणि राजवाडे यांमध्ये बरंच चालावं लागतं, म्हणून राजवाड्यांची वेळ दुपारनंतरची घेऊन सकाळ हेनेरालिफेला द्यावी.

व्हर्सायला कारंजी कोणत्या दिवशी उडतात ते बघून दिवस ठरवा. साधारण एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये ठरावीक वारी संगीतासह ती सुरू करतात आणि त्या दिवशी बागेलाही तिकीट असतं. बाकीच्या दिवशी कारंजी बहुतेक कोरडी. कारंज्यांना पाणी तिथे कधीच पुरेसं नव्हतं. राजा जवळ येतोय असं दिसलं की माणसं शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा द्यायची, तेवढं कारंजं सुरू व्हायचं आणि तो पुढे गेला की बंद.

दिवसातली वेळ

फाटक उघडताच पहिलं पाऊल तुमचं पडावं, किंवा शेवटचा दीड तास घ्यावा. दुपारचं ऊन बागेला सपाट करतं. शेवाळ, दगड, छाटलेली झाडं यांची खोली तिरप्या उजेडातच दिसते. गटांच्या बसगाड्या सकाळी दहा ते तीनच्या दरम्यान येतात.

पाऊस आला म्हणून बेत रद्द करू नका. सूचौच्या बागांमध्ये छप्पर असलेल्या वळणावळणाच्या वाटा आहेत, त्या पावसात फिरता यावं म्हणूनच. झुओझेंग युआनमध्ये पाऊस ऐकण्यासाठी बांधलेला एक मंडप आहे. शेजारी केळी लावल्यात, तळ्यात कमळं आहेत. केळीच्या पानावर पडणारा थेंब आणि कमळाच्या पानावर पडणारा थेंब यांचा आवाज वेगळा येतो. कोरड्या दिवशी त्या मंडपातून लोक दोन मिनिटांत पुढे जातात.

कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं

हा लेखाचा गाभा. जुन्या बागेत शिरल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: ही बाग बसून बघायची आहे, चालत बघायची आहे, की वरून?

बसून बघायच्या बागेत पाऊल टाकायचंच नसतं. र्योआनजीची बाग साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. पांढऱ्या खड्यांवर फणीने ओढलेल्या रेषा आणि त्यात १५ दगड. समोरच्या लाकडी ओसरीवर बसायचं. कुठूनही बघितलं तरी एक तरी दगड दुसऱ्याआड जातो, हे सगळ्यांना वाचून माहीत असतं, म्हणून येणारा प्रत्येकजण आधी दगड मोजतो. मोजून घ्या, ती हौस भागू दे. मग ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार ठिकाणी पाच-पाच मिनिटं बसा. एक दगड मागे सरकतो, दुसरा पुढे येतो, गट फुटतात आणि नवे जुळतात. त्यानंतर मागची बुटकी मातीची भिंत बघा. तेलात उकळलेल्या मातीची ती आहे. वर्षानुवर्षं तेल झिरपून तिच्यावर तपकिरी, करडे डाग उमटलेत. बागेतला सगळा रंग त्या भिंतीत आहे, आणि बहुतेकांच्या फोटोत तीच कापलेली असते. शिमाने प्रांतातलं आदाची कला संग्रहालय याच पद्धतीचं टोक: तिथली मुख्य बाग बहुतांशी काचेतून बघायची, आत जायची सोयच नाही.

चालत बघायच्या बागेत तुमची नजर कुठे जाईल हे पायाखालचे दगड ठरवतात. कात्सुरात पाऊलवाटेचे दगड मुद्दाम कमीजास्त उंचीचे आणि अंतराचे आहेत, त्यामुळे मान खाली घालूनच चालावं लागतं. मध्येच एखादा मोठा, सपाट दगड येतो. पाय आपोआप स्थिरावतात, मान वर होते, आणि नेमकं तेव्हाच तळं किंवा चहाचा मंडप समोर येतो. ही युक्ती एकदा कळली की पुढे प्रत्येक मोठ्या दगडावर थांबायची सवयच लागते. मागून तो कर्मचारी येत असतो, त्यामुळे थांबायचं ते तिथेच. मधल्या दगडांवर वेळ घालवू नका.

सूचौमध्ये हेच काम भिंती करतात. भिंतीतल्या जाळीदार झरोक्यांमधून पलीकडचं अंगण तुकड्यातुकड्याने दिसतं आणि दोन पावलं टाकली की चित्र बदलतं. नागमोडी पुलावरून सरळ बघत भराभर निघून जाऊ नका. प्रत्येक वळणावर तोंड वेगळ्या दिशेला व्हावं म्हणूनच तो मोडलेला आहे. झुओझेंग युआनच्या तळ्याकाठी पूर्वेकडे उभं राहून पश्चिमेला बघा. दूरवर एक उंच पॅगोडा झाडांच्या मधोमध उभा दिसतो आणि बागेतलाच वाटतो. प्रत्यक्षात तो शहरातला, बागेपासून चांगला लांब आहे. पूर्व आशियातल्या बागांत बाहेरचा डोंगर, मनोरा असा उसना घेण्याची जुनी रीत आहे. म्हणून कुठल्याही बागेत कुंपणाच्या वरही बघायचं.

फ्रेंच बाग वरून बघायची. व्हर्सायमध्ये आधी राजवाड्याच्या पायऱ्यांच्या माथ्यावर या, मग खाली उतरा. राजाची सूचना आजही चोख लागू पडते. वेळ असेल तर पॅरिसजवळच्या व्हो-ल-व्हिकोंतला जा. व्हर्सायची बाग रचणाऱ्या आंद्रे ल नोत्रने त्याआधी ही बाग केली. वाड्यातून बघताना ती पूर्ण दिसतेय असं वाटतं. चालू लागलं की समोरची जमीन अचानक तुटते आणि वरून अजिबात न दिसलेला आडवा कालवा पुढ्यात येतो. तो ओलांडायला लांबचा वळसा पडतो. शेवटच्या पुतळ्यापर्यंत चालत जाणं आणि तिथून मागे वळून वाड्याकडे बघणं, एवढं केल्याशिवाय ही बाग बघितली असं म्हणू नये. आळस करणाऱ्याला इथे अर्धीच बाग मिळते.

पाण्याच्या बागा पाण्याच्या वाटेने बघाव्यात. रोमजवळ तिवोलीला व्हिला देस्तेची शेकडो कारंजी पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर उडतात. सोळाव्या शतकात पाहुणे खालच्या फाटकाने येत आणि चढत चढत वर जात. आता वरून, वाड्यातून प्रवेश आहे. मी म्हणेन, कुठेही न रेंगाळता आधी थेट तळाशी उतरा आणि खरी फेरी तिथून वर येताना करा. हा वाडा बांधणाऱ्या कार्डिनलच्या (कॅथलिक चर्चमधल्या बड्या धर्मगुरूच्या) पाहुण्यांना दिसली त्या क्रमाने बाग उलगडते. पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन ठरावीक वेळांनाच वाजतो, त्याची वेळ दारातच विचारून घ्या. हेनेरालिफेमध्ये याउलट पाण्याचा जिना शोधा. त्याच्या दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ कोरलेली आहे आणि पायऱ्या चढताना हाताशेजारून पाणी खाली धावत असतं. उन्हाळ्यात तिथे थांबल्यावर गारवा का जाणवतो ते सांगावं लागत नाही.

राहिली इंग्लिश निसर्गशैलीची बाग. तिथे फेरीची दिशा महत्त्वाची. विल्टशरमधल्या स्टाउरहेडला तळ्याभोवतीची वाट घड्याळाच्या उलट दिशेने चाला. सुरुवातीला पाण्यापलीकडे एक घुमटाचं देऊळ दिसतं, मग ते झाडांत हरवतं, आणि बऱ्याच वेळाने आपण त्याच देवळाच्या पायरीवर उभे असतो. उलट दिशेने गेलात तर ही सगळी लपाछपी विस्कटते.

आत गेल्यावर

जपानी देवळांत चपला काढाव्या लागतात. सहज निघणारे बूट आणि धड मोजे घाला. शेवाळावर पाय तर नाहीच, हातही नको. दबलेलं शेवाळ सावरायला फार वेळ घेतं. वाटेच्या मधोमध मुठीएवढा दगड काळ्या दोरीने आडवा-उभा बांधून ठेवलेला दिसला, तर तो ‘पुढे जाऊ नये’ असा निरोप असतो. ना पाटी, ना साखळी. लहान मुलं तो हमखास उचलायला जातात, त्यांना आधी सांगून ठेवा.

ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी मनाई असते. फोटो पहिल्या फेरीत काढूच नका. दुसरी फेरी त्यासाठी ठेवा. कात्सुरासारख्या ठिकाणी दुसरी फेरी नसते, तिथे फोटो कमीच काढावेत.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर अंतरं आधी बघा. व्हर्सायचा मोठा कालवाच सुमारे १,६७० मीटर लांब आहे आणि वाटा खडीच्या आहेत. तिथे भाड्याने विजेच्या गाड्या मिळतात. व्हिला देस्तेत गुडघे दुखणाऱ्यांनी तळाशी जायचा बेत सोडून वरच्या गच्चीवरून आणि मधल्या शंभर कारंज्यांच्या वाटेवरून समाधान मानावं.

परत येताना

बागेच्या दुकानात बियांची पाकिटं आणि कंद सुरेख मांडलेले असतात. बिया, कंद, कलमं, मातीसकट रोपं हे सगळं बहुतेक देशांत रोगनिर्बंधाखाली येतं. झाडांच्या आरोग्याचा दाखला आणि आयातीची परवानगी नसेल तर विमानतळावर ते जप्त होतं, दंडही होऊ शकतो. खिशात टाकलेली वाळकी शेंगसुद्धा यातच धरतात. झाड आवडलं तर त्याच्याशेजारच्या पाटीवरचं लॅटिन नाव टिपून घ्या. मूळ नाव हाती असलं की तेच झाड, किंवा त्याचा जवळचा भाऊबंद, घराजवळच्या रोपवाटिकेत मिळतो का ते विचारता येतं.